थकबाकीची प्रार्थना: मार्टिन ल्यूथर, काम आणि कृपा

आजचा विषय ल्यूथरचा आहे, पण सुरुवात आपण त्याच्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी, जर्मनीतल्याच हायडेलबर्गच्या एका प्राध्यापकापासून करू.

माक्स वेबर हे नाव समाजशास्त्र शिकलेल्यांना नवं नाही. १८९८ साली तो चौतीस वर्षांचा होता. एवढ्या कमी वयात मोठ्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक झालेला, आणि कामाला वाघ. त्याच वर्षी तो कोसळला. झोप उडाली, वर्गापुढे उभं राहणं अशक्य झालं, पुढे पुढे तर नुसतं वाचणंही जमेना. आदल्या वर्षी वडिलांशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि समेट व्हायच्या आत वडील वारले, हे एक कारण नेहमी सांगितलं जातं. पण स्वतः वेबरनं आजारपणात पत्नी मारिआनेला एक पत्र लिहिलं, ते आम्हाला जास्त बोलकं वाटतं. आशय असा की इतकी वर्षं मी कामाला ताईतासारखा धरून बसलो होतो, आणि हा ताईत नेमका कशापासून रक्षण करत होता ते मला सांगता यायचं नाही.

१९०३ मध्ये त्यानं नोकरी सोडली. त्यानंतर १९०४-०५ मध्ये त्याचा प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्या संबंधांवरचा तो गाजलेला निबंध आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं: कॅल्विनच्या अनुयायांना शिकवलेलं होतं की कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय. मग ‘मी त्यात आहे की नाही?’ ही भीती काही केल्या जाईना. त्यावर उतारा म्हणून माणसं आपापल्या धंद्यात अखंड, शिस्तीत राबू लागली. वेळ वाया घालवणं हे पाप ठरलं. रोजच्या रोज आपल्या पापांची आणि प्रगतीची वहीत नोंद ठेवणारे लोक होते. किराणा दुकानदार खातेवही ठेवतो तशी. पुढे देव मागे पडला, वही तेवढी राहिली. आईकडून असाच कडक धर्म मिळालेला वेबर हे लिहीत होता, तेव्हा तो आपल्या स्वतःच्या ताईताचा इतिहास शोधत होता, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आता गंमत बघा. ज्या धर्मसुधारणेतून पुढे ही खातेवही निघाली, ती धर्मसुधारणा सुरू झाली तीच मुळी एका माणसाला आपली खातेवही फेकून द्यावी लागली म्हणून. वही फेकणं त्याला सोपं गेलं नाही. मनाला पटल्यानंतरही हाताला सवय सुटायला वेळ लागला. आज आपल्याला पाहायचा आहे तो हा मधला वेळ.

मार्टिन ल्यूथरचा जन्म १४८३ चा. वडील हान्स तांब्याच्या खाणीच्या धंद्यात वर आलेले. मुलानं वकील व्हावं ही त्यांची इच्छा. जुलै १५०५ मध्ये घरून एर्फुर्टला परत जाताना मुलगा वादळात सापडला, जवळ वीज पडली, आणि भीतीनं त्यानं संत अ‍ॅनाला नवस केला की वाचलो तर संन्यासी होईन. पंधरा दिवसांत तो ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. हान्स संतापला. १५०७ मध्ये मुलाच्या पहिल्या मिस्साला मात्र वीस घोडेस्वार घेऊन आला आणि मठाला घसघशीत देणगीही दिली. त्या मिस्साच्या वेळी ल्यूथरचे हातपाय गळाले. मी, हा धुळीचा कण, साक्षात देवाशी बोलतोय, या विचारानं वेदीसमोरून पळून जावंसं वाटलं, असं त्यानं नंतर सांगितलं आहे.

मठातलं आयुष्य म्हणजे प्रार्थनेचं घड्याळ. दिवसातून सात वेळा आणि रात्री उठून एकदा, ठरलेली स्तोत्रं ठरलेल्या वेळी म्हणायची. चुकवणं हे पाप. जोडीला उपवास, जागरणं, थंडीत पांघरुणाशिवाय झोपणं. ल्यूथरनं हे सगळं इतक्या कसोशीनं केलं, की पुढे तो म्हणायचा, मठातल्या साधनेनं कोणी स्वर्गात गेला असता तर मीच गेलो असतो. आणखी काही काळ तसं चाललं असतं तर त्या जागरणांनी आणि उपवासांनी माझा जीव घेतला असता.

पण त्याचा खरा छळ झाला तो पापस्वीकारात. गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात, ते. चर्चचा नियम असा की आठवेल ते प्रत्येक गंभीर पाप सांगायचं, त्यावर माफी मिळते. साधा माणूस दहा मिनिटांत उठतो. ल्यूथरला प्रश्न पडायचा, की जे आठवलंच नाही त्याचं काय? आणि जे पाप आहे हेच मला कळलं नाही, त्याचं काय? एकदा तर त्यानं सलग सहा तास पापस्वीकार केल्याचं सांगितलं आहे. एवढं करून बाहेर पडला की दारापर्यंत पोचेतो काहीतरी आठवायचं.

इथे योहान फॉन श्टाउपिट्स या माणसाची ओळख करून घेऊ. हा त्याच्या पंथाचा जर्मनीतला प्रमुख. सरदार घराण्यातला, शांत, थोडा मिश्किल. त्यानं या तरुणाला एकदा सरळ सुनावलं: तू ज्या आणतोस ती काय पापं आहेत? ही बाहुल्यांच्या खेळातली पापं. ख्रिस्त आला तो खऱ्या पाप्यांसाठी. तुला बहुतेक खोटा पापी व्हायचंय आणि म्हणून तुझा तारणाराही खोटाच राहणार. दुसऱ्या एका गुरूनं सांगितलं की देव तुझ्यावर रागावलेला नाही, तूच देवावर रागावला आहेस.

आम्हाला हे दोन्ही उद्गार फार महत्त्वाचे वाटतात. चुकीचा ध्यास घेतलेल्या माणसाला आपण नेहमी सांगतो की ‘अरे, तुझं चांगलं चाललंय, एवढं काही बिघडलेलं नाही.’ श्टाउपिट्स तसं म्हणाला नाही. तुझं खरं दुखणं तू दाखवत असलेल्या यादीपेक्षा मोठं आहे, आणि ते यादीनं बरं होणारं नाही, असं तो म्हणाला. म्हणजे धीर देताना त्यानं हिशेब कमी केला नाही, हिशेबाची पद्धतच चुकली म्हणून सांगितलं.

आणि पुढे त्यानं काय केलं? ल्यूथरला आणखी काम दिलं! डॉक्टर हो, विटेनबर्गला बायबल शिकव. ल्यूथरनं कारणं काढली, एवढ्या कामानं मी मरेन म्हणाला. तरी १५१२ मध्ये तो डॉक्टर झालाच. १५१३ पासून स्तोत्रसंहिता, मग १५१५ पासून पौलाचं रोमकरांस पत्र, असे त्याचे वर्ग सुरू झाले.

या काळातलं त्याचं एक पत्र आहे, २६ ऑक्टोबर १५१६ चं, एर्फुर्टच्या योहान लांग या मित्राला. मला दोन लेखनिक लागतील, दिवसभर मी पत्रंच लिहितो, असं म्हणून तो आपल्या कामांची यादी देतो. मठात प्रवचन, जेवणाच्या वेळी वाचन, गावच्या चर्चमध्ये रोज उपदेशाला बोलावणं, विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची देखरेख, अकरा मठांचा कारभार, लाइत्सकाऊच्या तळ्यातल्या माशांची व्यवस्था, तोर्गाऊला दुसऱ्यांचा एक तंटा, पौलावर व्याख्यानं, स्तोत्रांवर टिपणं. आणि या सगळ्यात ठरलेल्या प्रार्थना म्हणायला पुरता वेळ क्वचितच मिळतो. त्या वेळी विटेनबर्गमध्ये प्लेगही आला होता. लांगनं गाव सोडायचा सल्ला दिला होता, त्यावर ल्यूथर लिहितो की ब्रदर मार्टिन मेला म्हणून काही जग कोसळणार नाही. मरणाच्या बाबतीत इतका मोकळा! पण रोजच्या कामात मात्र प्रत्येक गोष्ट आपल्याशिवाय अडेल असं त्याला वाटत होतं. माशांच्या तळ्यासकट. (हे व्याख्यान लिहिताना आम्ही पहिलं पान चार वेळा नव्यानं लिहिलं, तेव्हा आम्हाला हसायचा फारसा अधिकार नाही.)

आता ‘प्रार्थनेला वेळ मिळत नाही’ म्हणजे काय होत होतं, ते नीट बघू. प्रार्थना चुकली तर ती माफ होत नव्हती, साठत होती. शेतसारा थकावा तशी. ल्यूथरनंच नंतर जेवणाच्या टेबलावर विद्यार्थ्यांना ही हकिगत सांगितली, त्यांनी ती टिपून ठेवली. आठवड्याच्या, कधी दोन-तीन आठवड्यांच्या प्रार्थना तुंबायच्या. मग एखादा शनिवार काढून, किंवा सलग तीन दिवस खोलीत कोंडून घेऊन, अन्नपाण्याशिवाय, तो सगळी थकबाकी म्हणून संपवायचा. एकदा यातून डोकं असं भणाणलं की पाच रात्री डोळा लागला नाही, मरणाच्या दारी गेला, भान गेलं. बरा होऊन पुन्हा वाचायला बसला, तर डोकं गरगरू लागलं. आणि तरी त्यानं सोडलं नाही. थकबाकी महिन्यांची झाली, फेडणं अशक्य झालं, तेव्हा कुठे १५२० मध्ये त्यानं हा व्यवहार बंद केला.

१५२०! हे साल लक्षात ठेवा. कारण ल्यूथरच्या विचारातली क्रांती त्याआधीच झालेली होती. तो प्रसंग त्यानं १५४५ मध्ये, म्हातारपणी लिहून ठेवलाय. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ‘देवाचं नीतिमत्त्व’ असे शब्द आहेत. ल्यूथर त्यांचा अर्थ घेत आला होता, की ज्या नीतिमत्त्वानं देव माणसाला मोजतो आणि शिक्षा करतो ते. या शब्दांचा त्याला तिटकारा होता. पुष्कळ दिवस डोकं आपटल्यावर त्याला दिसलं की इथे पौल मोजण्याबद्दल बोलतच नाहीये. हे नीतिमत्त्व देव माणसाला देतो, आणि माणूस ते विश्वासानं फक्त घेतो. हे नेमकं कधी झालं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कोणी १५१४ म्हणतं, कोणी १५१८-१९. पण सर्वात उशिराची तारीख धरली तरी ती १५२० च्या आधीची आहे.

म्हणजे वर्गात हा माणूस शिकवतोय की कर्मांनी तारण मिळत नाही, ते दान आहे. ऑक्टोबर १५१७ मध्ये पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्यावर पंचाण्णव प्रबंध काढतोय. पैसे देऊन क्षमा घेता येत नाही म्हणून सगळा युरोप हादरवतोय. आणि त्याच काळात खोलीचं दार लावून स्वतः मात्र हप्ते भरतोय!

याला कोणी ढोंग म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. एखादी गोष्ट खरी आहे असं कळणं आणि ती आपल्यालाही लागू आहे असं अंगात मुरणं, यांत अंतर असतं. ल्यूथरच्या बाबतीत हे अंतर शेवटी बुद्धीनं पार केलंच नाही, शरीरानं नकार दिला म्हणून ते पार झालं. त्याचं स्वतःचं वाक्यही त्याच अर्थाचं आहे: देवानं मला त्या छळातून जवळजवळ जबरदस्तीनं ओढून काढलं. थोर निर्णयाचं श्रेय तो घेत नाही. कसं घेणार? ते घेतलं असतं तर पुन्हा खात्यात एक नोंद झाली असती.

त्याच १५२० मध्ये त्यानं सत्कर्मांवर एक प्रबंध लिहिला. त्यातला एक दाखला आम्हाला त्याच्या सगळ्या वादविवादांपेक्षा मोलाचा वाटतो. नवराबायकोचं एकमेकांवर प्रेम असलं, भरवसा असला, तर कसं वागावं हे त्यांना कोण शिकवतं? लहान काम असो, मोठं असो, ती करतात आणि मोकळ्या मनानं करतात. पण भरवसा डळमळला की मोजमाप सुरू होतं. काय केलं म्हणजे तिला बरं वाटेल, किती केलं म्हणजे पुरेल, कोणतं काम जास्त मोठं. मग माणूस दूरदूरच्या यात्रा करतो, उपास काढतो, आणि मनाला स्वस्थता मिळत नाही. जास्तीचं काम हे इथे प्रेमाचं लक्षण नाही, अविश्वासाचं आहे. हे निदान ज्याला पटतं त्याला वेबरच्या ताईताचंही उत्तर मिळतं.

हा अनुभव जर्मनीपुरता नव्हता. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी तो अगदी स्वच्छ शब्दांत नोंदवला आहे. रमाबाईंचं बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासोबत तीर्थयात्रा करत गेलं. व्रतं, उपास, दानं. दुष्काळात सगळं संपून आईवडील गेले तोपर्यंत. पुण्याच्या त्या हिशेबाबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा राहिला यात नवल नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या काय म्हणतात? बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे नवा धर्म, पण मन तेच, काहीतरी करून पात्र ठरण्याचं. या काळात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन आलं. हा गृहस्थ पाद्री असून स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी त्याचं परिवर्तन झालं होतं. ते वाचून आपलं नेमकं काय राहून गेलंय हे रमाबाईंना उमगलं. तारण पुढे कधीतरी कमवायचं नाही, ते आत्ता, फुकट, घ्यायचं आहे.

यानंतर रमाबाईंनी काम कमी केलं का? मुळीच नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायका आणून केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आणि आयुष्याची शेवटची वर्षं इब्री व ग्रीक भाषांतून बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. तेव्हा कृपेचा अर्थ हातावर हात ठेवून बसणं, असा कोणी काढू नये. आणि उलट बाजूनं, बायबलचं एवढं थोरलं काम पाहून ‘बघा, संत कसे राबतात’ असंही कोणी कर्मचाऱ्यांना सुनावू नये. आमच्याकडच्या बऱ्याच सेवाभावी संस्था नेमकं हेच करतात; तो विषय आज नको.

ल्यूथरकडे परत येऊ, कारण गोष्टीचा उत्तरार्ध राहिलाय. वर्म्सच्या सभेनंतर १५२१ मध्ये तो वार्टबुर्गच्या गढीत लपून होता, तेव्हा इकडे विटेनबर्गमध्ये घाईवाल्या सुधारकांनी गोंधळ मांडला. सगळं एकदम आणि आत्ताच शुद्ध झालं पाहिजे, मूर्ती काढा, मिस्सा बदला. मार्च १५२२ मध्ये तो परतला आणि सलग आठ दिवस आठ प्रवचनं दिली. दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनात तो म्हणाला, पोपविरुद्ध जे झालं त्यात मी काय केलं? मी उपदेश केला, लिहिलं. बाकी मी झोपलो असताना, किंवा फिलिप आणि आम्सडॉर्फ या मित्रांबरोबर विटेनबर्गची बिअर पीत बसलो असताना, सगळं देवाच्या वचनानं केलं. धर्मपीठावरून असं बोलणारा माणूस विरळाच. दोन वर्षांपूर्वी हाच खोलीत कोंडून घेत होता.

यातला फिलिप म्हणजे फिलिप मेलांख्थोन. एकविसाव्या वर्षी विटेनबर्गला ग्रीक शिकवायला आलेला विद्वान. किडकिडीत, हळवा, काळजीखोर, आणि हातातलं लिखाण कधी पुरं झालंसं न वाटणारा. श्टाउपिट्सनं ल्यूथरला जे सुनावलं होतं, ते ल्यूथरनं वार्टबुर्गहून याला पत्रात कळवलं होतं, की देव काल्पनिक पाप्यांना तारत नाही, तेव्हा खराखुरा पापी हो आणि त्याहून जोरानं ख्रिस्तावर विश्वास ठेव.

१५३० मध्ये आउग्सबुर्गला सम्राटासमोर प्रॉटेस्टंटांना आपला विश्वास लेखी मांडायचा होता. ल्यूथरवर साम्राज्याची बंदी, म्हणून तो कोबुर्गच्या किल्ल्यावर थांबला. मसुदा फिलिपच्या अंगावर आला. शब्द बदलतोय, पुन्हा बदलतोय, जेवण नाही, झोप नाही. १२ मे रोजी ल्यूथरनं त्याला लिहिलं. त्याची स्वतःची तब्येत त्या वेळी काय होती? किल्ल्यावर एकांत मिळाला म्हणून त्यानं भाषांतरांचा सपाटा लावला होता, आणि शेवटी डोक्यात मेघगर्जनेसारखा आवाज घुमू लागला, कागदाकडे बघवेना. अशा अवस्थेत तो मित्राला बजावतो की शरीराची काळजी घे, स्वतःचा घात करून घेऊन वर ते देवासाठी केलं म्हणू नकोस. विश्रांती घेऊनही देवाची सेवा होते, किंबहुना विश्रांतीइतकी दुसऱ्या कशानंच होत नाही. एरवी त्यानं शब्बाथ पाळायला इतकं कडकपणे का सांगितलं असतं?

जूनअखेरच्या पत्रात तो जास्तच स्पष्ट होतो. तुझ्या या काळज्यांचा मला तिटकारा येतो, त्या कामाच्या मोठेपणातून येत नाहीत, आपल्या अविश्वासातून येतात. ‘आपल्या’ असं म्हणतो, ‘तुझ्या’ नाही.

२५ जूनला तो जाहीरनामा सम्राटापुढे वाचला गेला. आता तरी फिलिपनं लेखणी ठेवावी की नाही? त्यानं नंतरच्या छापील आवृत्त्यांमध्येही फेरफार चालूच ठेवले. १५४० मध्ये तर इतके केले, की जुना मसुदा मानणारे आणि बदललेला मानणारे यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या भांडणं लागली. ल्यूथर १५४६ मध्ये गेला, आणि मग उरलेली चौदा वर्षं फिलिपनं स्वपक्षाच्याच शास्त्र्यांचे शिव्याशाप खाल्ले.

एप्रिल १५६० मध्ये, मरणाच्या थोडे दिवस आधी, त्यानं एका कागदावर मरणाला का भिऊ नये याची कारणं लिहिली. कागदाचे दोन भाग केले होते, जमाखर्च मांडावा तसे. डावीकडे काय सुटणार ते: पापांपासून दूर होशील, दुःखकष्टांतून आणि धर्मशास्त्र्यांच्या पिसाळलेपणातून सुटशील. उजवीकडे काय मिळणार ते: प्रकाशात येशील, देवाला पाहशील, देवपुत्राला पाहशील, आणि या जन्मी जी गूढं समजली नाहीत ती शिकशील, आपल्याला असं का घडवलं गेलं, ख्रिस्ताच्या ठायी दोन स्वभाव कसे एकत्र आले. शेवटपर्यंत प्राध्यापकच. पण आयुष्यभर लिहिलेल्या पुस्तकांपैकी, शिकवलेल्या विद्यार्थ्यांपैकी, पुन्हा पुन्हा दुरुस्त केलेल्या त्या मसुद्यापैकी, त्या कागदावर कोणत्याच बाजूला काही नव्हतं.